पाच नंबरची जागा

"चाचा, वास येतोय का हो तुम्हास्नी?"

कलाबाई मशीनरूमच्या दारात उभी होती. अंगात पुरुषी स्वेटर, वरून पदर आणि नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर. तिचे फक्त डोळे दिसत होते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, पण शीतगृहाच्या खोल्यांत काम करणाऱ्या बायका बाराही महिने अशाच दिसायच्या.

इलाहीचाचांनी मान वर करून दोनदा नाक ओढलं. मग माझ्या पुढ्यातल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं.

"बारा हाय," ते म्हणाले. "रोज चौदा-पंधरा असतंय. आज तर कमीच हाय की."

"न्हाई, पर तीन नंबरच्या दारापाशी जरा नाकाला झोंबतंय."

"अगं, सकाळधरनं ऊद-धूप चाललाय. त्योच मिसळला आसंल. जा, पेट्या काढ. गाडी थांबलीया."

कलाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरवाली, म्हणजे तिच्या लेखी शहाणी. माझ्या एका हातात शिऱ्याचा द्रोण होता आणि तोंडात घास होता. मी मान डोलावली. ती गेली.

पंचवीस वर्षं होऊन गेली याला. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि सांगलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होते. कॉम्प्युटर विकायला बऱ्याच मुली असत. पेटी उघडून आत हात घालणारी मी एकटीच. गिऱ्हाईक दुकानात आलं की माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर बघून विचारायचं, "माणूस कुणी नाही का?" मीही उत्तर द्यायची, "जेवायला गेलाय, तोवर मी दुरुस्त करून ठेवते." तोंडानं मी कधीच कमी नव्हते.

त्या दिवशी खंडेनवमी होती. तासगाव रस्त्यावर तवनाप्पा बिरनाळे यांचं शीतगृह होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पाच मोठ्या खोल्या, त्यात भागातल्या बागाईतदारांचा बेदाणा छतापर्यंत रचलेला. तो गार ठेवायला अमोनिया वायू लागतो. पाइपातून फिरतो तोवर तो गुणी. बाहेर सुटला की डोळा, घसा, फुप्फुस, जे म्हणून ओलं सापडेल ते भाजून काढतो. म्हणून प्रत्येक खोलीत छतालगत वायू ओळखणारा एकेक डबा बसवला होता. पाचही डब्यांच्या तारा मशीनरूममधल्या कॉम्प्युटरच्या पोटातल्या एका जुन्या कार्डाला येऊन मिळत. ज्या खोलीत अमोनिया सर्वांत जास्त, तिथला आकडा पडद्यावर दिसे. पंचविसाच्या वर गेला की कॉम्प्युटर बारीक आवाजात पी-पी करायचा.

ते पी-पी ऐकू येत नाही, ही इलाहीचाचांची तक्रार. चाचा म्हणजे इलाही मुजावर, शीतगृहाचे ऑपरेटर. मिरजेच्या बर्फाच्या कारखान्यापासून तीस वर्षं अमोनियातच गेलेली. कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्या बारक्या आवाजाचा काय निभाव लागणार, मोठी घंटा पाहिजे, म्हणून त्यांनी सहा महिने अण्णांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी अण्णांनी आमच्या दुकानाला फोन केला. साउंडकार्ड आणि दोन मोठे स्पीकर. फक्त एक अट: काम खंडेनवमीच्या सकाळी पूजेच्या आत झालं पाहिजे. घरात आलेली नवी वस्तू त्या दिवशी पूजेला बसलीच पाहिजे आणि तिला हळदी-कुंकू लागलंच पाहिजे, असा अण्णांचा हट्ट.

दुकानाच्या मालकांनी मला एकटीला पाठवलं. एकटीनं जायची ती माझी पहिलीच वेळ.

सकाळी आठला पोहोचले. चाचांनी माझ्यासाठी टेबल पुसून, पंखा माझ्याकडे वळवून ठेवला होता. नवा पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी.

"चाचा, आज ईद आहे का?" मी विचारलं.

"ईदच कशाला पायजे? आज माझी मशिनं नटत्यात, मग मी नको नटायला?" ते म्हणाले. प्रत्येक कॉम्प्रेसरला त्यांनी स्वतःच्या हातानं झेंडूची माळ घातली होती.

आता कार्ड बसवण्याचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. कॉम्प्युटरच्या पोटातल्या प्रत्येक कार्डाला एक नंबर असतो. कार्डाला काही कळवायचं असलं की ते त्या नंबरवरून हाक मारतं. नंबर मोजकेच, पंधरा-सोळा. त्या काळात नवीन पद्धतीची कार्डं आली होती. ती खोबणीत बसवली की आपण होऊन आपलं नाव-गाव सांगत, आणि सिस्टिम त्यांना रिकामा नंबर काढून देई. माणसाला काही करावं लागत नसे. लावा आणि वापरा. जाहिरातीत तसंच लिहिलेलं असायचं आणि आम्ही गिऱ्हाइकांना तेच ऐकवायचो.

पण अण्णांचं अमोनियाचं कार्ड जुन्या पद्धतीचं होतं. त्याचा नंबर पाच, एका इवल्याशा पिनेनं कायमचा ठरवून दिलेला. सिस्टिमनं विचारलं तरी ते आपलं नाव सांगत नसे. मुकं नव्हतं, पण ती भाषा त्याला येत नव्हती. त्यामुळे सिस्टिमला पाच नंबरची जागा रिकामी दिसायची. एस.टी.त लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा त्याच्या नावानं माणसानं रुमाल टाकून ठेवायचा असतो. सिस्टिमच्या यादीत जाऊन सांगायचं, पाच नंबर राखीव, इथे कुणाला बसवू नकोस. तीन मिनिटांचं काम. मग अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा एका डब्यापाशी धरायचा आणि पडद्यावरचा आकडा चढतो का बघायचं. दोन्ही गोष्टी माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या.

कार्ड बसवलं. कॉम्प्युटर चालू केला. सिस्टिमनं नवीन पाहुणा ओळखला, त्याचं नाव पडद्यावर दाखवलं, काय काय लागेल ते स्वतःच ठरवलं. मी घंटा वाजवून बघितली. देवळातल्या घंटेसारखी दणदणीत वाजली. दारात जमलेली मंडळी दचकली आणि मग हसली. अण्णांच्या पत्नीनं तिथेच कॉम्प्युटरला कुंकवाची पाच बोटं लावली.

"वैजू, आटप की गं. साडेनवाची वेळ काढलीया भटजींनी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, दहा मिनिटं. एक राहिलंय."

"पूजेनंतर कर. घंटा वाजली न्हवं? झालं तर मग."

बाहेर मार्केट कमिटीची पाच-सहा बडी मंडळी येऊन बसली होती. मीही म्हटलं, पूजेनंतर करू. पडद्यावर बारा आकडा दिसतच होता. मी वही पर्समध्ये घातली.

साडेनवाला कॉम्प्रेसर बंद केले. वर्षातून एकदाच, अर्ध्या तासासाठी. ती धडधड थांबली आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. मंत्र, नारळ, ऊद, आरती. बायकांना मात्र सुट्टी नव्हती. दिवाळीसाठी मुंबईला माल जायचा होता, गाडी अंगणात लागली होती. कलाबाई आणि तिच्या हाताखालच्या दहा जणी तीन नंबरच्या खोलीतून पेट्या काढत होत्या. आरती संपल्यावर पाहुणे अंगणात मांडवाखाली नाश्त्याला बसले, चाचा कॉम्प्रेसर चालू करायच्या तयारीला लागले आणि मी शिऱ्याचा द्रोण घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले. तेवढ्यात कलाबाई येऊन विचारून गेली.

ती गेली आणि मी पडद्याकडे बघत घास गिळला. बारा. दुसरा घास घेतला. बारा.

हा आकडा मी आधीही, मालकांबरोबर इथे आले होते तेव्हा, बघितला होता. तो कधी स्वस्थ बसायचा नाही. तेरा, चौदा, तेरा, पंधरा, सारखा हलायचा. आज कॉम्प्रेसर बंद आहेत, म्हणून शांत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ तर नीट चाललं होतं. दहा वाजून चार मिनिटं.

आणि मग मला आठवलं. अमोनियाचा आकडा दाखवणारा प्रोग्रॅम चालू होताना शेवटचा जपून ठेवलेला आकडा दाखवतो. कार्डाकडून नवा आकडा आला की जुना पुसून नवा लिहितो. नवा आलाच नाही, तर जुनाच तसा ठेवतो.

मी द्रोण खाली ठेवला, बोटं ओढणीला पुसली आणि सिस्टिमची यादी उघडली. साउंडकार्ड. त्यावर क्लिक केलं. नंबर: पाच.

घंटा पाच नंबरवर बसली होती. अमोनियाचं कार्ड सकाळपासून हाका मारत असेल आणि त्या हाका कुणालाच पोहोचत नसतील. पडद्यावरचा बारा हा कालचा बारा होता. तीन नंबरच्या खोलीत या क्षणी काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिथे नाकाला झोंबतंय असं सांगायला आलेल्या बाईला आम्ही दोघांनी परत आत पाठवलं होतं.

खरं सांगते, इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. चाचा माझ्यापासून दोन हातांवर पाना घेऊन उभे होते. 'चाचा, बायकांना बाहेर काढा' एवढंच म्हणायचं होतं. म्हणायला किती वेळ लागतो? पण माझ्या डोळ्यांपुढे मांडवाखालची माणसं आली. अण्णा विचारणार, का? पाहुणे बश्या हातात धरून मशीनरूमच्या दारात येणार. आणि मी सांगणार की मी एक काम करायचं विसरले. त्यातून आत काहीच नसलं तर? मग तर सांगलीभर होणार, त्या दुकानातली ती पोरगी, पूजेच्या दिवशी सगळ्यांना पळायला लावलं. माणूस कुणी नाही का, असं विचारणाऱ्यांना आयतंच मिळणार.

मला कलाबाईसाठी भीती वाटत होती हे खोटं नाही. पण त्याहून जास्त भीती मला माझी वाटत होती.

मी मनात हिशेब केला. पाच नंबर राखून ठेवायचा, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. चार मिनिटं. चार मिनिटांत खरा आकडा येईल. चौदा-पंधरा असला तर कुणाला काही कळायचंही नाही.

"काय झालं, बेटा?" चाचांनी विचारलं. माझा चेहरा त्यांना दिसला असणार.

"काही नाही चाचा. आवाज जरा फाटतोय. बंद करून चालू करते."

"कर, कर. मी तोवर कॉम्प्रेसर थांबवून धरतो."

यादीत गेले. पाच नंबर, राखीव. घाईत आधी सहा पडला. तो पुसून पाच केला. मग बंद करायची आज्ञा दिली. पडद्यावर 'कृपया थांबा' अशा अर्थाची पाटी आली आणि तिथेच अडकली. त्या काळात असं कधीकधी व्हायचं. एरवी आम्ही तेवढ्यात चहा घेऊन यायचो.

दहा सात. दहा आठ. पाटी जाईना.

मी कान देऊन ऐकत होते. कॉम्प्रेसर बंद असल्यानं लांबचंही ऐकू येत होतं. मांडवात कुणीतरी मोठ्यानं हसलं. तीन नंबरकडून पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता. पेट्या सरकताहेत म्हणजे बायका ठीक आहेत, असं मी मनात घोकत होते. मग कुणीतरी खोकलं. नंतर अजून कुणीतरी.

"चाचा, तुम्हाला काही वास..." मी बोलायला तोंड उघडलं.

"बारा हुतं की आत्ता," ते म्हणाले.

मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि परत चालू केला. असा मध्येच बंद केला की चालू होताना तो निळा पडदा लावून सगळी डिस्क तपासत बसतो. हे मला माहीत होतं. घाईत डोक्यातून गेलं होतं. निळा पडदा आला. दहा टक्के. चौदा टक्के. ही तपासणी मधूनच सोडून देता येते, एक कळ दाबायची असते, पण भीतीनं ती कळ कुठली तेच आठवेना. मी तिथे बसून टक्के मोजत राहिले. तीस. छत्तीस. आता उठायचं, मी स्वतःला म्हणायची. पन्नास झाले की उठायचं. पन्नास झाले, मी उठले नाही. आता इतका वेळ गेल्यावर उठले तर 'मग आधी का नाही सांगितलंस' असं विचारतील, ही नवी भीती आधीच्या भीतीवर येऊन बसली होती.

शंभर. सिस्टिम चालू झाली. अमोनियाचा प्रोग्रॅम आला. बारा.

मग बारा पुसला गेला आणि तिथे तीनशे चाळीस आलं.

घंटा वाजायला लागली. तीच दणदणीत घंटा, सगळ्या आवारात. मांडवातल्या मंडळींना वाटलं, मी पुन्हा वाजवून दाखवतेय. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

चाचांनी टाळ्या ऐकल्या नाहीत. त्यांनी पडद्याला नाक लावल्यासारखं वाकून तो आकडा बघितला, हातातला पाना टाकला, भिंतीवरचा मोठा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी गरगर फिरवून बंद केला, पूजेच्या घागरीत टॉवेल बुडवून तोंडाला गुंडाळला आणि पळत सुटले. मास्क कपाटात होता. कपाटाला हार घातला होता आणि किल्ली अण्णांकडे होती.

मी अंगणात ओरडत गेले. काय ओरडले ते आठवत नाही. तीन नंबरच्या दारातून पांढरं धुकं जमिनीलगत बाहेर येत होतं. दारावरच्या पाइपाच्या जोडातली पॅकिंग सुटली होती. म्हणजे वायू बरोबर दाराशीच होता आणि बायका त्याच्या पलीकडे. एकेक बाहेर यायला लागली, आंधळ्यासारखे हात पुढे करून, वाकून, ओकत. ड्रायव्हरनं टाकीचा पाइप ओढून आणला आणि त्यांच्या तोंडांवर पाणी सोडलं. अण्णा मोजत होते. आठ. नऊ. दहा.

"कलाबाई? कलाबाई कुठं हाय?" अण्णा ओरडले.

त्या बायकांतली एक जण खोकता खोकता म्हणाली, "तीच ढकलत हुती आमास्नी. दाराखाली उभी ऱ्हाऊन."

चाचा दुसऱ्यांदा आत गेले. मी मोजलं नाही, पण ते बाहेर यायला फार वेळ लागला. आले तेव्हा कलाबाई त्यांच्या खांद्यावर होती आणि तिचा मफलर गळ्यात लोंबत होता. मी पाण्याचा पाइप हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांवर धरला. ती डोळे उघडेना. चाचा तिच्या पापण्या बोटांनी उघडून धरत होते आणि म्हणत होते, "उघड गं माय, उघड." पाणी तिच्या तोंडावरून, माझ्या मांडीवरून, अंगणातल्या रांगोळीवरून वाहत होतं.

मिरजेच्या दवाखान्यात नेलं. दहा जणींना संध्याकाळपर्यंत घरी सोडणार होते. कलाबाईला ठेवून घेतलं. डॉक्टर बाहेर आले आणि अण्णांना म्हणाले, "उजव्या डोळ्याचं आज सांगता येत नाही. डावा गेला. किती वेळ होती ही आत?"

"घंटा वाजली तसं लगेच काढलंय, डॉक्टर," अण्णा म्हणाले.

"तरीपण उशीर झाला. यात मिनिटामिनिटानं फरक पडतो."

अण्णा आत गेले. तिथे कलाबाईचा नवरा होता आणि जबाब घ्यायला आलेला हवालदार होता. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. ओले कपडे अंगावरच वाळले होते. माझ्या डोक्यात एकच घड्याळ चाललं होतं. दहा चारला मला कळलं. घंटा दहा सोळाला वाजली. बारा मिनिटं. बारा मिनिटं मी खुर्चीत बसून होते.

चाचा येऊन शेजारी बसले. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, डोळे लालभडक सुजलेले. आवाज घोगरा झाला होता, कानाशी बोलल्यासारखा येत होता.

"बेटा, तू घंटा वाजवलीस म्हणून अकरा जीव वाचले," ते म्हणाले.

मी समोरच्या दाराकडे बघत होते.

"एक सांगू का? कुणाला बोलू नगंस." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "माझं नाक गेलंय. चार वर्षं झाली. घरात दूध उतू जाऊन करपलं तरी मला कळत न्हाई. बायको म्हणती, सांग अण्णांना. काय सांगू? अमोनियाच्या ऑपरेटरला नाक न्हाई म्हटल्यावर कोण ठेवून घेतंय? म्हणून मी अण्णांच्या मागं लागून ते कॉम्प्युटर घ्यायला लावलं. म्हटलं, माझं नाक न्हाई, त्याचं तरी असू दे. आन् मग घंटा मागितली."

मला ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. सकाळी त्यांनी हवेत दोनदा नाक ओढलं, ते आमच्यासाठी ओढलं होतं.

"कलाबाई वास येतोय म्हणून सांगाय आली, आन् मी तिला परत धाडली," ते म्हणाले. "पर मी आकडा बघूनच धाडली, बेटा. बारा हुतं."

"हो," मी म्हणाले.

मग पट्टी बांधलेला हात छातीवरून फिरवून त्यांनी नव्या सदऱ्याचा खिसा चाचपला.

"बारा हुतं न्हवं? खरं सांग. आज ह्यो नवा सदरा घातला. चष्मा जुन्याच्या खिशात ऱ्हायला, घरी. मला बिनचष्म्याचं धड दिसत न्हाई. तू जवळ हुतीस, तुझे डोळे तरणे हायती. घंटा तवा बिघडली हुती, वाजलीच नसंल. बारा हुतं, का एकशेवीस हुतं? शेवटचं शून्य दिसलं न्हाई का मला?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांना हात मोकळा नव्हता. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की चाचा, बाराच होतं, तुम्ही बरोबर वाचलंत, पण तो बारा खोटा होता आणि तो माझ्यामुळे खोटा होता. आत हवालदार होता. माझ्या दुकानाचं नाव, माझं नाव, वहीतलं माझं अक्षर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"असेल, चाचा," मी म्हणाले. "एकशेवीस असेल."

त्यांनी हळूच मान हलवली. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितल्यावर माणूस हलवतो तशी. मग पट्टीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "तुझं काय चुकलं न्हाई. तू तर दुरुस्त करत हुतीस," ते म्हणाले आणि उठून आत गेले. दार उघडंच होतं. ते अण्णांना म्हणाले ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"अण्णा, आकडा मी चुकीचा वाचला. ही बाई सांगाय आली हुती. मी तिला परत आत धाडली. मला नाक बी न्हाई आन् आज चष्मा बी नव्हता."

मी आत गेले नाही. जिना उतरून स्टँडवर आले आणि सांगलीची गाडी पकडली.

कलाबाईचा उजवा डोळा वाचला. अण्णा वाईट नव्हते, त्यांनी पोलिसांत प्रकरण वाढू दिलं नाही; पण चाचांना त्यांनी ठेवलं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या प्लँटवर चाचा स्वतःच गेले नाहीत. दिवाळीनंतर अण्णांनी मला बोलावून सगळ्यांसमोर शाल दिली. मी ती घेतली. आठवड्याभरानं जाऊन पाच नंबर नीट राखून ठेवलाय ना ते तपासलं, कापसाचा बोळा धरून आकडा चढतो का ते पाचही खोल्यांत बघितलं. तेव्हापासून आजतागायत मी ती तपासणी कुठेच चुकवलेली नाही. माझ्या हाताखालची मुलं मला त्यावरून हसतात.

चाचा गेल्या श्रावणात गेले. मी मिरजेला त्यांच्या घरी भेटायला गेले. नाव सांगताच चाचींनी मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं, चहा दिला. म्हणाल्या, "तुझं नाव लई काढायचे. त्या पोरीनं वाचवलं सगळ्यांना, म्हणायचे." मग सांगायला लागल्या की त्या खंडेनवमीपासून चाचांनी चष्मा कधी काढला नाही. जेवताना नाही, नमाज पढताना नाही, झोपतानासुद्धा नाही. कितीदा तरी झोपेत दांडी मोडायची, काच तडकायची, की सकाळी उठून आधी दुकान गाठायचे. मयताला अंघोळ घालताना मुलानं तो काढला, तर कानांमागे खोल वळ पडले होते.

"असं का करायचे, कुणाला ठावं," चाची म्हणाल्या. "तुला काही बोलले होते का गं?"

"नाही," मी म्हणाले.